सुपारीएवढी गाठ

वडगाव, बेळगाव
१० जानेवारी २०२५

मायना घातलेला नाही. चार वर्षांनी नवऱ्याला पत्र लिहायचं तर वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा सोडली आहे. शोभेल तो मायना तुम्हीच घालून घ्या.

काम एवढंच आहे. निपाणीला जाताना तुम्ही पत्र्याची ट्रंक नेलीत, तिच्यात घरातले सगळे फोटो गेले. त्यातले तीन मला हवेत. एक आपल्या लग्नातला, एक रक्षा शाळेत जाऊ लागली त्या सुमाराचा आणि एक रक्षाच्या लग्नातला. माझं तोंड समोरून नीट दिसलं पाहिजे. हात दिसत असतील तर आणखी बरं. आधार कार्डाचं काम आहे. अंगठा उठत नाही म्हणतात, जुने फोटो आणा म्हणतात. काम झालं की परत पाठवीन.

एकोणीस तारखेला सदलग्याला आपल्या लेकीचं डोहाळजेवण. तुम्ही आणि बायाक्का वन्सं जाणार असं तिनं कळवलं. मला जमणार नाही. मागावरचा ताणा संपत आला आहे, नव्याचा धागा न् धागा जुन्याला जोडून घ्यायचा आहे. रक्षा रुसली आहे, तुम्ही समजूत घाला. आईनं लेकीच्या डोहाळजेवणाला न जाणं बरं दिसत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते तुम्ही लिहू नका.

दोन्ही माग चालू आहेत. एक मी बघते, दुसऱ्यावर यशोदाबाई येते. धागे जोडायचं कामही आता तीच करते.

फोन करू नका, मी उचलणार नाही. पत्र टाका. नाहीतर काही न लिहिता नुसते फोटो टाका.

वन्संना नमस्कार सांगा. त्यांनी घेतला तर.

मालू

*

वडगाव
३० जानेवारी

फोटो मिळाले. तीन मागितले होते, तुम्ही पाच पाठवलेत. सोबत एक ओळ नाही. मीच तसं सांगितलं होतं, तरी पाकीट उलटं करून दोनदा झटकलं.

आधार कार्डाचं खोटं होतं. आधारवाले लग्नातले फोटो कशाला मागतील? तुम्हालाही कळलं असणार, पण तुम्ही विचारणार नाही. तुमचं न विचारणं मला चांगलं माहीत आहे.

फोटो डॉक्टरांना हवे होते. घाबरू नका, दातांचं आहे. म्हणजे सुरुवात दातांची. वर्षभरात दातांत फटी पडल्या, खालच्या दातांची रांग वरच्या दातांच्या पुढं येऊ लागली, भाकरीचा तुकडा नीट तुटेना. टिळकवाडीत दातांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी थोडा वेळ तोंडात बघितलं आणि मग माझे हात हातात घेऊन बघत बसले. म्हणाले, "मावशी, चपलेचा नंबर वाढलाय काय हो तुमच्या?" मला घामच फुटला. तीन वर्षं मी पुरुषांच्या चपला घालते, हे शेजारच्या अंबुबाईलाही माहीत नाही, आणि तिला तर माझ्या घरातलं मीठ संपलं तरी कळतं.

त्यांनी चिठ्ठी दिली हार्मोनच्या डॉक्टरांची. त्या बाई धारवाडकडच्या, मराठी अडखळत बोलतात, पण आडपडदा नाही. जुने फोटो आणा म्हणाल्या. तुमचे पाचही फोटो त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले आणि माझ्याकडं आणि फोटोंकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. आपल्या लग्नातली ती नाकेली पोरगी बघून मीच म्हटलं, "ही मीच हाय हो बाई." त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगावं लागतंय, मालुबाई, तेच तर निदान आहे."

मग ग्लुकोजचं पाणी पाजून अर्ध्या अर्ध्या तासानं रक्त काढलं. परवा डोक्याचा एमआरआय झाला. एका नळीत घालून आडवं ठेवतात आणि बाहेरून कुणीतरी पत्रा बडवल्यासारखा आवाज करतात. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, मला काय त्याचं? रिपोर्ट सोमवारी आहे. काही नसणार.

एकोणीस तारखेला ताणा संपला नव्हता. अजूनही संपलेला नाही. हेही सांगून टाकते.

मालू

*

वडगाव
१२ फेब्रुवारी

आता खरं लिहिते. तीन कागद फाडले, हा चौथा.

मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या मागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी म्हणतात तिला. माझ्या त्या वाटाण्यावर सुपारीएवढी गाठ झाली आहे. कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. पण ती गाठ अंग वाढवायचं हार्मोन सोडत बसते. लहान पोरात झालं असतं तर उंची वाढली असती. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला कुठं उंच व्हायचं? मग हात वाढतात, पाय वाढतात, जबडा, नाक, कपाळाचं हाड, जीभसुद्धा. आतलं काळीजही मोठं होतं म्हणे. नाव आहे ॲक्रोमेगॅली. हळूहळू चढतं, म्हणून रोज बघणाऱ्याला दिसत नाही. रक्षा दोन महिन्यांतून एकदा येते, तिला वाटतं आई थकली. अंबुबाईला वाटतं मी जाड झाले. बांगड्या दोन-चारच्या घालत होते, आता दोन-आठच्या जात नाहीत.

बोटं बधिर व्हायची तेव्हा मी कामाला दोष दिला. वडगावात कुणाची बोटं बधिर होत नाहीत? हाडाच्या डॉक्टरनं मलम दिलं, मी वर्षभर चोळत बसले. मग बोटाला राख लावून धागा पिळायला गेले की दोनच्या जागी तीन धागे चिमटीत यायचे. हजारो धागे एकाला एक जोडायचे आणि माझ्या चिमटीला त्यातला एक वेगळा लागेना. तेव्हा यशोदाबाईला बोलावलं आणि तिला सांगितलं की मला कंटाळा आला.

उपाय चार आहेत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं.

ऑपरेशन करायचं, तेही नाकातून. डोकं उघडत नाहीत. नाकपुडीतून नळी घालून मागचं हाड पोखरायचं आणि गाठ खरवडून काढायची. सगळी निघाली तर सुटका. पण माझी गाठ एका अंगाला सरकून मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे, तेव्हा सगळी निघेल याची खात्री अर्धीच. ग्रंथीला धक्का लागला तर जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्या. शिवाय जीभ सुजलेली, मान जाड, त्यामुळं भूल देणाऱ्यांना घशात नळी घालायला त्रास.

दुसरं, महिन्याला एक इंजेक्शन, कुल्ल्यात. वर्षानुवर्षं. निम्म्या लोकांना लागू पडतं. पोट बिघडतं, पित्ताशयात खडे होतात. तिसरं म्हणजे गोळ्या, आठवड्याला दोन, पण रोग सौम्य असेल तरच त्यांचा उपयोग. चौथं रेडिएशन. त्याचा गुण यायला वर्षं लागतात आणि पुढं ग्रंथीच वाळून जायची भीती.

काहीच केलं नाही तर, असं विचारलं. त्या म्हणाल्या, साखर, रक्तदाब, हृदय आणि डोळे. गाठ वर चढली की डोळ्यांच्या शिरा दाबते.

मी इंजेक्शन घ्यायचं ठरवलं आहे. कुणाची गरज लागत नाही. जायचं, टोचून घ्यायचं, यायचं, माग लावायचा. ऑपरेशनला माणूस लागतो सोबत. चौकशीच्या खिडकीवर त्या पोरीनं विचारलं, "निम जोडी यार बंदार्री?" तुमच्याबरोबर कोण आलंय म्हणून. मी म्हटलं, येतायत मागनं. आणि मग लाज वाटून, खरंच कोणी येतंय असं दाखवायला, दाराकडं बघत उभी राहिले.

रक्षाला काही सांगू नका. तिचा सातवा महिना संपत आला आहे. एप्रिलमध्ये ती बाळंतपणाला इथं यायची आहे. मला तोवर उभं राहायचं आहे, बस.

ताजा कलम. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. इंजेक्शनही नको वाटतं. दर महिन्याला कोण जाईल? गोळ्याच घ्याव्यात का? त्या माझ्यासाठी नाहीत असं बाई स्पष्ट म्हणाल्या, तरी मला गोळ्याच बऱ्या वाटतात, कारण त्या डब्यात लपवता येतात. तुम्ही काहीतरी लिहा. मूर्खासारखं लिहिलंत तरी चालेल.

मालू

*

वडगाव
२१ फेब्रुवारी

तुमचं पत्र आलं. मूर्खासारखं लिहा म्हटलं होतं, पण इतकं मनावर घ्यायला नको होतं.

तुमच्याच ओळी तुम्हाला परत वाचून दाखवते. "जोडवी काढलीस तवाच समजलो म्या काय समजायचं त्ये. चार वरसं वाट मोकळी दिली तुला. रक्षाकडनं तुझा नवा नंबर घेतला तर त्योच नंबर निघाला, ज्येच्यावरनं जानेवारीत एक बाप्या बोलला आन फोन ठेवला. घरात बाप्या हाय तर दवाखान्याला त्येलाच ने. मला कशाला पत्रं?"

वाचलं आणि पहिल्यांदा रागानं पत्र चुलीत घालायला उठले. मग हसू आलं. इतकं हसले की अंबुबाई भिंतीपलीकडनं ओरडली, "काय झालं गं मालू?" आणि मग कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही.

अहो, तो बाप्या मीच.

जीभ जाड झाली, घसा जाड झाला, आवाज उतरला. आठ जानेवारीला मी तुम्हाला फोन केला होता. किती दिवस मनाची तयारी करून केला होता. म्हटलं, "हॅलो, मी बोलतोय." आपल्यात बायकाही तसंच बोलतात, तुम्हाला काय कळणार? तुम्ही म्हणालात, "बोला भाऊ, कुठल्या वखारीतनं?" तंबाखूच्या वखारीतल्या माणसाला वखारीतलाच फोन येणार. पण मला वाटलं, तेवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो मला भाऊ म्हणतो. मी फोन ठेवला आणि दोन दिवसांनी पत्र लिहायला बसले. पत्रात आवाज नसतो म्हणून.

आता जोडव्यांचं. हे लिहायला माझा हात धजत नाही, पण तुमची चार वर्षं त्याच्यावर गेली असतील तर लिहिलंच पाहिजे.

रक्षाच्या लग्नात दोन दिवस उभी होते. बोटं सुजून जोडवी आत रुतली. दुसरं बोट काळंनिळं झालं. लग्नानंतर परतणीला आलेले पाहुणे गेले त्या दिवशी मी खडेबाजारात सोनाराकडं गेले. त्यानं बारीक कात्रीनं ती कापून काढली. "वहिनी, सूज उतरू दे, मोठी घडवून देतो," म्हणाला. सूज उतरलीच नाही. ती सूज नव्हती, हाड होतं, हे आज कळतं. बांगड्या त्याच्या आधीच साबण लावून उतरवल्या होत्या. जिवंत नवऱ्याची बायको हात-पाय मोकळे ठेवून फिरते म्हणजे तिनं नवरा मनातून काढला, हे तुम्ही समजलात. आपल्यात कुणीही तेच समजलं असतं.

पण एवढ्यावर मी सुटत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी सोप्यात बसला होतात. माझ्या पायाकडं बघितलंत आणि बघतच राहिलात. तुम्ही काय समजताय ते मला दिसत होतं. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. सोनाराकडं गेलतो, बोट सुजलंय, एवढंच. मी बोलले नाही. उलट साडी घोट्याच्या वर घेऊन तुमच्यासमोरून दोनदा गेले. तुम्हाला लागावं म्हणून. आदल्या दिवसाचा राग होता.

दोन दिवसांनी तुम्ही ट्रंक घेऊन गेलात. मला वाटलं आठ दिवसांत याल. तुम्हाला वाटलं मी बोलवीन. आपण दोघंही शहाणे.

वन्संना हे पत्र वाचून दाखवू नका. नाहीतर दाखवा. मला आता काही वाटत नाही.

मालू

*

वडगाव
४ मार्च

तुमचं उत्तर नाही. दहा दिवसांत पोस्टमनला मी इतक्यांदा विचारलं की तो आता गल्लीत शिरताना दुसऱ्या बाजूनं शिरतो.

डोळे तपासले. एका डब्यात तोंड घालायचं, मध्ये ठिपका असतो तिकडं बघत राहायचं आणि कडेला कुठंही बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबलं. मला वाटलं शंभरपैकी शंभर. कागद बाहेर आला तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत काळं. तिथं उजेड पडत होता आणि मला पत्ताच नव्हता. आता आठवतं, गेले काही महिने साडीच्या डाव्या काठावरचा तुटका धागा यशोदाबाईला आधी दिसायचा. मी तिला म्हणायचे, तुझी नजर तरुण आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शननं गाठ आक्रसेल की नाही हे कळायला सहा महिने जातील. डोळ्यांना तेवढा वेळ नाही. त्यांचं मत ऑपरेशन. राहिलेल्या तुकड्यासाठी मग इंजेक्शन, तेही नाही चाललं तर रेडिएशन. म्हणजे मी चारातून एक निवडायला बसले होते आणि बहुतेक तीन माझ्या वाट्याला येणार आहेत. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग बघू, पावसाळ्यानंतर. त्यांनी तो काळ्या कोपऱ्यांचा कागद माझ्याकडं सरकवला.

रोज ठरवते आणि रोज मोडते. सकाळी माग लावताना वाटतं करून टाकावं. भाकरी थापताना वाटतं, नाकातून मेंदूपर्यंत नळी, काय वेड लागलंय का? दुपारी तुमचे फोटो काढून बघते आणि वाटतं, करावंच. संध्याकाळी अंबुबाई कुणाच्या तरी चुलतभावाची गोष्ट सांगते, ज्याला भूल दिली आणि तो उठलाच नाही. तिला मी काहीच सांगितलेलं नाही, तिला तशा गोष्टी आपसूक सुचतात.

मी बाईंना विचारलं, हाडं परत पहिल्यासारखी होतील? नाही म्हणाल्या. ओठ, जीभ, बोटांची सूज, हे मऊ सगळं उतरेल. घोरणं कमी होईल. जबडा आणि कपाळ राहील तसंच राहील. झालेलं जात नाही, फक्त थांबतं.

आणखी एक विचारलं. ह्या रोगानं माणूस तिरसट होतो का? होऊ शकतो म्हणाल्या. घोरण्यामुळं नीट झोप होत नाही, डोकं दुखतं, साखर वाढते, माणूस चिडका होतो. तुम्हाला सांगते, मला केवढं हलकं वाटलं. घोरणं त्याच गाठीचं होतं. परतणीच्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात ना, "आमच्यात तिसरा माग रातभर चालतोय, आन वीजबिल न्हाय," आणि सदलग्याची मंडळी हसली, नवा जावई मान खाली घालून हसला, तो माग म्हणजे ही गाठ होती. आणि त्यावर मी जे बोलले तेही गाठच बोलली, असं तुम्हाला लिहून टाकावं असं वाटलं.

ते वाटणं बसमध्ये बसेपर्यंत टिकलं. शहापूर येईतो उतरलं.

गाठीनं मला चिडवलं असेल. पण मागावरचा धोटा उडून तुमच्या कपाळात बसला तेव्हापासून मागाजवळ उभं राहिलात की तुमचे हात थरथरतात, हे गाठीला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. तुम्ही कुणाला कळू नये म्हणून बाजारहाट, सूत आणणं, साड्या पोहोचवणं अंगावर घेतलंत, तेही मला माहीत होतं. आणि मी जावयासमोर, व्याह्यांसमोर म्हटलं, "त्योच माग तुमास्नी पोसतोय. तुमच्या हातनं एक धड लुगडं तरी उतरलंय काय? या घरात तुमी पावणंच." नेमकं कुठं मारलं की लागतं ते शोधून मारलं. ते माझंच बोलणं होतं. रोगाच्या नावावर घालणार नाही.

तुमची थट्टा वाईट होती. माझं बोलणं त्याहून वाईट होतं. मला माफी मागायची सवय नाही, तेव्हा ही माफीच आहे असं समजा.

मालू

*

वडगाव
१५ मार्च

ऑपरेशन गुरुवारी आहे, वीस तारखेला, सकाळी. मंगळवारी दाखल व्हायचं. सही मीच केली आहे. फॉर्म भरून घेणाऱ्यांनी विचारलं, जवळचं माणूस? मी तुमचं नाव लिहून दिलं आणि निपाणीचा पत्ता. खोटं काही लिहिलेलं नाही.

का ठरवलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की तुमच्या उत्तराची वाट बघून चिडून ठरवलं. गेल्या शनिवारी रक्षा आली. उंबऱ्यात पाय घसरला तिचा. माझ्या अगदी बाजूला घसरला आणि मला दिसलाच नाही. यशोदाबाईनं धरलं तिला, काही झालं नाही. पण मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. एप्रिलमध्ये तिचं बाळ याच घरात येणार, मीच न्हाऊ घालणार, आणि अशा डोळ्यांनी? त्याच रात्री तिला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती चिडली. "दोघं मिळून मला काय समजता? चार वर्षं तुमच्या निरोपांची ने-आण करतोय मी," म्हणाली. तिचं खरं आहे.

तिला दवाखान्यात येऊ नको म्हटलं आहे. आठव्या महिन्यात तिथं कशाला? जावई येणार आहेत गुरुवारी. भला माणूस आहे तो.

गाठ सगळी निघेल का, माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. नंतर महिनाभर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, घागर उचलायची नाही. माग यशोदाबाई बघेल. मला भीती वाटते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ऑपरेशनची तर वाटतेच, पण त्याहून एक वेगळी भीती आहे, ती तुम्हाला सांगते. गुरुवारी जगले वाचले, डोळे राहिले, तरी हे तोंड राहणार आहे. तुम्ही सोडून गेलात ती बाई ऑपरेशननं परत येणार नाही. तुम्ही तिच्यासाठी येणार असाल तर येऊ नका. मला राग येणार नाही. येईल, पण मी तो कुणाला दाखवणार नाही.

आणि या बाईसाठी येणार असाल तर नीट ऐका. रक्षाला काविळीत ठेवलं होतं तोच दवाखाना, दुसरा मजला. बुधवारी संध्याकाळी चार ते सहा भेटायची वेळ. बायकांचा वॉर्ड आहे, बारा खाटा. आत येऊन एकेकीच्या तोंडाकडं बघत फिरू नका. तुम्हाला मी सापडणार नाही. समोरून निघून जाल आणि ते मला बघवणार नाही.

तुम्ही दारातच थांबा. मी उठून येते.

मालू